पावसात कासव, जानेवारीत पन्हळ: बेंचचा फळा दरवर्षी वाकतो त्याचं काय करायचं

चवथ तीन आठवड्यांवर आलेली, गणपतीचा चौरंग अर्धा झालेला, आणि चौरंगाची फळी सुतारकामाच्या बेंचवर ठेवली की डुगडुग. आधी वाटलं फळीच वाकडी आहे. उलटी करून ठेवली, तरी डुगडुग. मग अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी बेंचवर आडवी ठेवून बघितलं तर पट्टी मधोमध टेकलेली आणि दोन्ही कडांना खालून उजेड दिसतोय. सहाशे मिमी रुंदीच्या बेंचला मध्ये चार मिमीचा उंचवटा, कासवाची पाठ असते ना तस्सा. हे पहिल्या वर्षी झालं. मग दुसऱ्या वर्षी झालं. तिसऱ्या वर्षीही झालं तेव्हा मला कळायला हवं होतं की प्रॉब्लेम लाकडाचा नाहीय, माझा आहे, पण माणूस काय लगेच ऐकतो का.

आता सेटअप सांगतो, कारण बऱ्याच जणांचा असाच असणार. मी गोव्यात, डिचोली तालुक्यात राहतो, चिऱ्यांचं जुनं घर, मंगळुरी कौलं, मागच्या पडवीत वर्कशॉप. बेंचचा फळा जुन्या घराच्या सागवानी वाशांतून काढलेल्या पट्ट्या एकमेकांना चिकटवून केलेला, जाडी ३८ मिमी. मला तो हलका वाटला म्हणून खालून अठरा मिमीचा प्लाय अख्खाच्या अख्खा ग्लू लावून दाबून बसवला, वर चाळीस-पन्नास स्क्रू. काय भक्कम वाटत होतं! वरच्या बाजूला तीन हात पॉलिश, खाली काहीच नाही, कारण खाली कोण बघतंय. आणि तो सगळा फळा पायांच्या फ्रेमला आठ बोल्टनी करकचून आवळलेला. थोडक्यात, करू नयेत त्या तिन्ही गोष्टी मी एकाच बेंचमध्ये केल्या होत्या.

पहिल्या पावसाळ्यात उंचवटा दिसल्यावर मी रंधा काढला आणि एका रविवारी सगळं सपाट करून टाकलं. फार समाधान वाटलं. जानेवारीत पट्टी ठेवली तर आता कडा टेकतात आणि मध्ये खड्डा, पाणी ओतलं असतं तर पन्हळासारखं वाहिलं असतं. परत रंधा, ह्या खेपेला कडा उतरवल्या. जुलैत परत कासव. तीन वर्षांत ३८ चा फळा ३१ वर आला, म्हणजे सात मिमी सागवान मी रंध्याच्या सालीत घालवलं, आणि ती साल आईने बंबात जाळली. त्यातल्या त्यात तेवढाच उपयोग.

शेवटी आमच्या वाड्यावरचे एक म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, आले होते, त्यांचं दुसरंच काम होतं, खिडकीच्या झडपा घट्ट झालेल्या त्या बघायला. बेंचकडे बघून ते खाली वाकले, प्लायवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "पावसांत लांकूड जेवता बाब, तुवें ताचें पोट बांदून दवरलां." म्हणजे पावसात लाकूड जेवतं आणि तू त्याचं पोट बांधून ठेवलंयस. एवढंच बोलून ते खिडकीकडे गेले. मी बसलो विचार करत.

तर प्रकार असा आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, कितीही जुनं झालं तरी, शंभर वर्षांचा वासा असला तरी. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. हवेत आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहतं, आर्द्रता ९० झाली की तेच २० च्या आसपास जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते सांगायला नको, वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस, वाळपईकडे त्याहून जास्त, आणि जुलैत तर कपाटातल्या चपलेवर बुरशी येते. म्हणजे उन्हाळा-हिवाळा आणि पावसाळा ह्यात लाकडाच्या पोटात सहा टक्क्यांचा तरी फरक पडतो. साग हे कमी हलणाऱ्या लाकडांतलं, तरीसुद्धा आडव्या वर्तुळांची फळी (झाडाच्या वाढीची वर्तुळं टोकाकडून बघितल्यावर आडवी दिसतात ती) दर एक टक्क्याला हजारात दोन मिमीच्या जरा खाली रुंद होते. सहाशेचा फळा धरला तर सहा टक्क्याला साडेसहा मिमी. साडेसहा! आणि मी त्याला खालून प्लाय चिकटवलेला, जो रुंदीत हलतच नाही म्हटलं तरी चालेल कारण त्याचे थर एकमेकांना आडवे धरून ठेवतात. वरची बाजू पसरतेय, खालची धरून ठेवलीय, मग फळा कुठे जाणार, वर फुगणार. जानेवारीत वरची बाजू आकसते, खालची नाही, मग पन्हळ.

ह्यावरून एक साधी परीक्षा करता येते आणि ह्यासाठी काही विकत आणायची गरज नाही. भर पावसात पट्टी ठेवा आणि वाक कुठल्या दिशेला आहे ते बघा. पावसात मध्ये उंच झाला असेल तर फळा खालून बांधलेला आहे, प्लायने, ग्लूने किंवा आडव्या पट्ट्यांना घट्ट मारलेल्या स्क्रूंनी. उलट पावसात मध्ये खोल झाला असेल तर बहुतेक खालची बाजू कच्ची आहे, वर पॉलिश असल्यामुळे वरून ओलावा हळू शिरतो आणि खालून भसाभस शिरतो, खालची बाजू जास्त पसरते, कडा वर उचलल्या जातात. माझ्या बेंचमध्ये दोन्ही चुका होत्या पण प्लायने खालची बाजू झाकलेली होती म्हणून पहिलीच जिंकली. तिसरा प्रकार म्हणजे पीळ, चार कोपऱ्यांतला एक वर, तो ओळखायला फळ्याच्या दोन टोकांना दोन सारख्या उंचीच्या सरळ पट्ट्या आडव्या उभ्या करायच्या आणि एका टोकाला खाली बसून एक डोळा मिटून बघायचं, दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसत नसतील तर पीळ आहे. पण पीळ आहे म्हणण्याआधी जमीन तपासा हं. माझ्या पडवीत कोबा आहे आणि तो सोप्याकडून अंगणाकडे दोन बोटं उतरता आहे, पाणी जावं म्हणून मुद्दाम तसा केलेला, आणि मी बेंचचे बोल्ट त्या उतरत्या जमिनीवर आवळले म्हणजे फ्रेमलाच मी पीळ घातला. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही पायांची लेवल काढली आणि खाली फणसाच्या पाचरी सारल्या तेव्हा अर्धा त्रास तिथेच गेला.

आता महत्त्वाचं. वाकलेला दिसला म्हणून लगेच रंधा घेऊ नका, निदान जुलैत तरी नको आणि जानेवारीतही नको. वर्षाच्या एका टोकाला सपाट केलेली वस्तू दुसऱ्या टोकाला दुप्पट वाकडी दिसते. सपाट करायचं ते लाकूड मधल्या ओलाव्यावर असताना. आणि तो मध्य कधी येतो हे कॅलेंडर सांगत नाही, कारण एखाद्या वर्षी दिवाळीच्या फराळापर्यंत पाऊस असतो. लाकडालाच विचारायचं.

त्यासाठी मी जे केलं ते स्वस्त आहे. मॉइश्चर मीटर मिळतात, दोन टाचण्यांचे, पण त्यांचा आकडा लाकडाच्या जातीप्रमाणे बदलतो आणि स्वस्तातल्यात साग म्हणून सेटिंगच नसतं. त्यापेक्षा किचनचा वजनकाटा घ्या. फळ्याच्याच उरलेल्या पट्टीतून शेजारशेजारचे दोन तुकडे कापायचे, एक पातळ चकती, एक मोठा ठोकळा. कापल्या कापल्या दोन्हींचं वजन. माझी चकती ५८ ग्रॅम होती, ठोकळा २३२. मग चकती ओटीजीमध्ये १००-१०५ डिग्रीवर ठेवायची आणि दर तासाला वजन बघायचं, कमी व्हायचं थांबेपर्यंत. माझी ४९ वर थांबली. म्हणजे ४९ ग्रॅम लाकूड आणि ९ ग्रॅम पाणी, नऊ भागिले एकोणपन्नास, १८ टक्क्यांच्या जरा वर. (घरभर सागाचा वास. बायको म्हणाली पुढच्या केकला लाकडाचा वास आला तर तो तूच एकट्याने संपवायचा. आला नाही.) शेजारचा ठोकळाही तेवढाच ओला धरला तर त्याचं कोरडं वजन २३२ भागिले १.१८४, म्हणजे १९६. तो ठोकळा सुतळी बांधून बेंचखाली टांगून ठेवला आणि दर रविवारी वजन करून भिंतीवर पेन्सिलने लिहीत गेलो. जानेवारीच्या शेवटी तो २१९ वर आला, म्हणजे पावणेबारा टक्के. मग माझा मध्य साधारण २२५-२२६, पंधरा टक्के. त्या वर्षी तो आकडा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला होता, आणि रंधा मारायला हवा होता तो तेव्हा.

दुरुस्ती. सगळ्यात किचकट काम म्हणजे प्लाय काढणं. स्क्रू काढले, बोल्ट काढले, फळा उलटा टाकला, आणि ग्लू इतका चांगला धरलेला की पटाशी घातली तर सागाचीच ढलपी निघायला लागली. मग सर्क्युलर सॉची खोली बरोबर १७ मिमीला लावून प्लायवर दर दोन इंचांवर उभे-आडवे चर पाडले, चौकोन-चौकोन झाले, आणि एकेक चौकोन पटाशीने उडवला. दोन दिवस गेले आणि एक पटाशी, कारण एक स्क्रू काढायचा राहून गेला होता आणि तो नेमका पटाशीलाच सापडला. करवत चालवायच्या आधी प्लायवर लोहचुंबक फिरवून घ्या, मी नंतर फिरवला.

प्लाय निघाल्यावर फळा लगेच सपाट होईल अशी आशा करू नका. माझा पहिल्याच रात्री बराच सुटला, पण बाकीचा वाक जायला महिना गेला. खाली तीन जाड पट्ट्या ठेवून त्यावर फळा आडवा ठेवायचा, हवा दोन्ही बाजूंनी फिरली पाहिजे, भिंतीला टेकून उभा करायचा नाही.

मग परत बसवताना. फ्रेमला आडव्या तीन पट्ट्या आहेत, प्रत्येकीत मधला स्क्रू साध्या भोकातून घट्ट मारला आणि बाजूच्या स्क्रूंची भोकं लांबट केली, बारा मिमी लांब, फळ्याच्या रुंदीच्या दिशेत, खाली वॉशर, आणि आवळताना पान्हा जड झाला की पाव फेरी मागे. म्हणजे फळ्याचा मध्य जागेवर राहतो आणि दोन्ही कडा हव्या तेवढ्या सरकतात. लांबट भोक करायला वेगळं मशीन नको, शेजारशेजारी तीन भोकं पाडून मधली भिंत कानशीने उडवायची. ग्लू मात्र फळा आणि फ्रेमच्या मध्ये एक थेंबही नको. एकतीस मिमी जाडी बेंचला कमीच, ठोकलं की नाचतो, म्हणून पायांवर आणि वाइस (लाकूड पकडायचा शिकंजा) आहे तिथे खालून सागाचेच तुकडे चिकटवले पण त्यांच्या रेषा फळ्याच्याच दिशेला ठेवून, म्हणजे दोघेही एकत्र फुगतील, एकत्र आकसतील. आडवे चिकटवले असते तर परत प्लायचीच गोष्ट.

नवीन बेंच करणार असाल तर अजून एक करता येतं जे मला आता शक्य नाही. पट्ट्या चिकटवताना टोकाकडून वर्तुळं बघा आणि ती उभी येतील अशा पट्ट्या फिरवा. सागाचा आकस वर्तुळांच्या दिशेत आणि गाभ्याच्या दिशेत सारखा नसतो, पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत वर्तुळांच्या दिशेत ५.८ टक्के आणि गाभ्याकडे २.५ टक्के. वर्तुळं उभी ठेवली की निम्म्याहून जास्त हालचाल रुंदीतून निघून जाडीत जाते आणि जाडीत अर्ध्या मिमीच्या आत वाढ झाली तर कोणाला कळतंय. किंवा फळा दोन भागांत करा, मध्ये दोन बोटं फट सोडून. फटीत पटाश्या उभ्या राहतात ते वेगळंच.

पॉलिशचं लोकांना सांगून पटत नाही. कुठलीही पॉलिश ओलावा थांबवत नाही, फक्त उशीर करते. म्हणून ती किती भारी आहे ह्यापेक्षा दोन्ही बाजूंना सारखी आहे का हे बघायचं. वर तीन हात तर खाली तीन हात, कडांना तीन हात, आणि टोकांना चार-पाच, कारण टोकाच्या उघड्या नसांतून लाकूड बाकीच्या अंगापेक्षा कित्येक पट वेगाने पाणी पितं. जवसाचं तेल दिसायला छान पण ओलाव्याला फारसं अडवत नाही. लाखेची पॉलिश वाफेला चांगली अडवते, फक्त ती पावसात लावायला घेऊ नका, स्पिरिट उडताना हवेतलं पाणी पकडतं आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, पत्र्यावर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

जागा. पाऊस आपल्याकडे नैऋत्येकडून झडीने येतो आणि माझी पडवी नेमकी तिकडेच तोंड करून आहे. माझे आजोबा मिरगाआधी पडवीला नारळाच्या चुडतांचे झाप बांधायचे, आता मी ताडपत्री लावतो, पण ताडपत्री जमिनीपर्यंत बांधून टाकली की आत हवा कोंडते आणि सगळं आणखीनच ओलं होतं. खाली हातभर मोकळी सोडायची. चिऱ्याची भिंत पावसाळाभर पाणी पिऊन बसलेली असते, बेंच तिच्यापासून वीतभर तरी लांब. आणि बेंचचे पाय म्हणजे उभ्या नळ्याच समजा, कोब्यावरचं पाणी वर ओढतात, वाळवीलाही तीच वाट. पायांच्या टोकांना इपॉक्सी जिरवून खाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे ठेवलेत. ते मी पाचरींच्या वर ठेवलेत, खाली नाही, नाहीतर पाचर सरकते.

रंधे आणि वाइस गंजतात ते ह्याच हवेचं काम. शिलाई मशीनचं तेल कापडाने पुसून घ्यायचं. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. हत्यारांच्या कपाटात मी १५ वॅटचा जुना झीरोचा बल्ब लावलाय, पावसाळाभर चालू. कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा पाच डिग्री गरम झाली की ९० टक्के आर्द्रतेची ६७-६८ होते, आणि पातं आठवड्याने बाहेर काढलं तरी लखलखीत असतं. बल्बजवळ चिंध्या नको, वरचं वाचलंच असेल.

आता ह्या जुलैत पट्टी ठेवली तर मध्ये दोन पोस्टकार्डं जेमतेम जातात, तेही एकाच टोकाला. फळा जानेवारीत ५९५ मिमी रुंद होता, आता ६०० आहे, म्हणजे पाच मिमी तो वाढला आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, बाजूचे स्क्रू आपल्या भोकांत सरकून बसलेत एवढंच. माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या) चौकटीची एक पट्टी सुटली होती ती त्यावरच नीट केली, आणि चौरंग आता डुगडुगत नाही. फक्त बेंचखालचा खण अजून जाम आहे. तो मी जानेवारीत मोजून केला होता, बोटभर सैल ठेवायला हवा होता ते सुचलंच नाही, त्यामुळे गुण्या आणि पेन्सिली आत अडकून पडल्यात आणि नोव्हेंबरपर्यंत निघतील असं वाटत नाही. नवीन पेन्सिल आणलीय. ठोकळा ह्या रविवारी २३१.